माझे पाणी परत का येईना?

बालमित्रांनो, लासुर्ण्याजवळच्या एका गॅरेजमागे दोन झिजलेले टायर आणि एक मोडकी खुर्ची यांच्या सहवासात सध्या माझा मुक्काम आहे. मी एका पिकअप गाडीचा जुना रेडिएटर. माझी हकिकत सांगावयास बसलो खरा. परंतु तिच्यातील निम्म्या गोष्टी मला स्वतःलाच नीट उमजलेल्या नाहीत. तेव्हा कोठे अडखळलो, तर सांभाळून घ्यावे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पट्ट्या आणि वरखाली प्लास्टिकच्या दोन टाक्या, असा माझा देह. इंजिनाच्या पुढे, वाऱ्याच्या अगदी मुखाशी मला स्थान मिळाले. वरची जाड नळी इंजिनातले तापलेले पाणी माझ्याकडे आणी. माझ्या अंगातून उतरता उतरता ते निवे आणि खालच्या जाड नळीने पुन्हा इंजिनाकडे जाई. एवढे मला समजत असे.

परंतु माझ्या झाकणाजवळ करंगळीएवढी एक तिसरी नळी होती. ती शेजारच्या पांढऱ्या बाटलीत उतरे. गाडी फार तापली की माझे थोडे हिरवे पाणी त्या नळीने बाटलीत निघून जाई आणि गाडी निवली की तेच पाणी आपण होऊन परत येई. ते का जाई, का येई, त्याला परत कोण बोलावी, याचा मला कधीच उलगडा झाला नाही. मी ते केवळ श्रद्धेने स्वीकारले होते.

पिंपळीचे भानुदासराव हे माझे धनी. त्यांच्या पेरूच्या बागेला ठिबक सिंचन होते आणि पाण्याचा एक थेंब वाया गेलेला त्यांना सोसत नसे. सात वर्षे मी त्यांच्याकडे इमानाने राबलो. घाट चढून गाडी थांबली की ते बॉनेटवर थाप मारून म्हणत, "आतला गडी लई गुणाचा हाय!" त्या शब्दांनी मी निवत असे.

एके दिवशी बाटलीची खाच तुटली आणि ती बारीक नळी तिच्यातून निसटून लोंबू लागली. गाडीखाली चार थेंब पडलेले भानुदासरावांनी पाहिले.

"आरं, हितं गळतंय की!" असे म्हणून त्यांनी खिशात हात घातला. मित्रांनो, बागेत ठिबकच्या नळीचे शेवटचे टोक दुमडून त्यावर प्लास्टिकची कडी चढवतात, म्हणजे पाणी पुढे वाहून जात नाही. तशीच एक कडी त्यांच्या खिशात होती. त्यांनी माझी बारीक नळी दुमडली, कडी चढवली आणि समाधानाने हात पुसले.

"झालं. आता थेंबबी भाईर जायचा न्हाय."

त्या दिवसापासून माझ्या संभ्रमास आरंभ झाला. पाणी तापे, फुगे, नेहमीच्या वाटेने निघे आणि भिंतीवर आदळल्यासारखे मागे फिरे. छातीवर दडपण येई. माझ्या हातून काही अपराध घडला काय? की वार्धक्य म्हणतात ते हेच? विचारावे तरी कोणाला? इंजिन आपल्याच गर्जनेत मग्न असे.

भानुदासरावांची कन्या अंजली हिने त्याच वर्षी रोपवाटिका काढली होती. फाल्गुनातल्या एका सकाळी मिरचीची बारा हजार रोपे गाडीत भरून बापलेक इंदापूरकडे निघाली. तिची ती पहिलीच मागणी. दादासाहेब नावाच्या शेतकऱ्याने रान तयार ठेवून माणसेही लावली होती. रोपे उन्हात कोमेजली, तर तिच्या रोपवाटिकेवर कोण विश्वास ठेवील?

आणि लासुर्ण्याच्या अलीकडे मी फुटलो. वरच्या टाकीला उभी चीर गेली आणि वाफेचा लोट उठला. मला दोनच गोष्टी आठवतात. एक, पराकोटीची लाज. दुसरी, अंजलीच्या फोनमधला आवाज.

"ताई, दोन वाजेपतोर वाट बघतो. मग दुसरीकडनं रोपं उचलतो. राग मानू नका."

"दादासाहेब, दोनच्या आत पोचते."

गाडीत रोपांसाठी पाण्याचा एकच कॅन होता. भानुदासराव म्हणाले, "आण तो हिकडं. वततो ह्याच्यात आन् जाऊ तसंच."

"आबा, टाकीच फुटलीय. ओतलं ते रस्त्यावर जाईल. रोपं तरी पिऊ देत."

समोरच्या गॅरेजातून गेणबा मिस्त्री धावत आला. "भानुदासराव, झाकणाला हात लावू नका! तोंड भाजंल!"

तिघांनी गाडी ढकलत लिंबाच्या सावलीत नेली. अंजली रोपांवर पाणी शिंपडू लागली. मी निवल्यावर गेणबाने माझ्यातले उरलेले पाणी घमेल्यात काढले. वरची नळी सोडवली, खालची सोडवली आणि मला भुईवर ठेवले. माझ्या जागी नवा, चकचकीत रेडिएटर बसला.

"ह्या रेडिएटरनंच दगा दिला," भानुदासराव म्हणाले. ते ऐकून मला काय वाटले, ते सांगता येत नाही. दगा म्हणजे नेमके मी काय केले होते?

दोन जाड नळ्या जोडून झाल्या. भानुदासराव घाईघाईने बारीक नळी बसवू लागले, तेव्हा अंजलीने त्यांचा हात धरला.

"आबा, ही नळी कुणी दुमडली?"

"मीच. गळत हुती. बागंत न्हाय का करत आपण?"

गेणबाने पाना खाली ठेवला. "मंग ह्यो फुटला न्हाय, तुमी फोडलाय! बाग आन् गाडी एकच समजलात व्हय? उद्या बॅटरीला शेणखत घालाल!"

भानुदासरावांनी नळी हातातून खाली सोडली. गेणबा मऊ आवाजात म्हणाला, "पाणी तापलं की फुगतं. त्याला जायला जागा लागती. निवलं की आकसतं, तवा आतली वढ त्याला माघारी घेती. गळती न्हाय ती."

"मग टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं पाहिजे," अंजली म्हणाली, "न्हाय तर नुसती हवाच ओढंल."

"पोरीला कळलं बघा!"

तिने ती कडी काढली, नळीचे चिरलेले टोक कापले आणि बाटलीची खाच तारेने बांधून नळी आत सोडली. नवे कूलंट, म्हणजे ते हिरवे पाणी, भरून गाडी सुरू केली. तापताच बाटलीतले पाणी चढू लागले.

"जातंय की गं!" भानुदासरावांचा हात नळीकडे गेला. "आज तरी दुमडू. रोपांचा प्रश्न हाय."

"रोपांचा प्रश्न हाय म्हणूनच न्हाय," अंजली म्हणाली. त्यांनी हात मागे घेतला. साडेबारा वाजता गाडी गेली.

मी भुईवर तसाच पडून राहिलो. आता तो नवाही फुटेल काय? सूर्य कलेपर्यंत दुसरे काही सुचले नाही.

सायंकाळी गाडी परतली. ट्रे रिकामे होते. दादासाहेबांनी पुढच्या पंधरवड्यासाठी आणखी रोपे सांगितली होती. चहा झाला, गप्पा झाल्या, इंजिन निवले. भानुदासराव मात्र बॉनेट उघडून बाटलीपाशी ओणवे होते. चढलेले पाणी उतरून गाडी सुरू करण्यापूर्वीच्या पातळीवर येईपर्यंत ते हलले नाहीत.

"आलं परत," ते हळूच म्हणाले. मग माझ्यापाशी येऊन त्यांनी माझ्या चिरेवर तळहात ठेवला. "ह्याची काय चूक नव्हती, अंजे."

मित्रांनो, ती ओढ म्हणजे काय, हे मला अजूनही पुरते समजलेले नाही. तुम्ही शाळेत शिकाल, तेव्हा जमल्यास येथे येऊन मला सांगा. तोवर एवढीच विनंती: एखादी वस्तू बिघडलेली दिसली, तर तिचे तोंड बांधण्यापूर्वी तिची प्रत्येक नळी कोठून निघते आणि कोठे जाते, हे बोटाने माग काढत पाहा. समजले नाही, तर जाणत्याला विचारा. आम्हांला बोलता येत नाही हो.