पुढचा दिवस आधी सांगायचा नाही

"अहो सिस्टर, जरा गरम करा ना ते मशीन. अंगात रक्त नाही, बर्फाचं पाणी फिरतंय."

शिंपीकाकांचं हे नेहमीचंच. मी त्यांच्या हातातल्या नळीवर पट्टी चिकटवत होते. बाहेर इतकं धुकं होतं की खिडकीतून समोरचं औषधांचं दुकानसुद्धा दिसत नव्हतं.

"नाही मिळणार," मी म्हणाले. "साडेपस्तीस म्हणजे साडेपस्तीस."

"अर्ध्यानं तरी वाढवा."

"आणि तुमचं बीपी घसरलं की ते काय टाके घालून वर धरायचं?"

शेजारच्या खुर्चीतले ड्रायव्हरकाका माकडटोपीतून खो खो हसले. त्यांना शिंप्याची फजिती झाली की चार दिवसांचं टॉनिक मिळायचं.

ज्यांची मूत्रपिंडं संपावर गेली आहेत, त्यांचं रक्त मशीनमधून धुवून परत अंगात सोडायचं, हे आमच्या खोलीतलं काम. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी चार तास. रक्त बाहेर फिरून गार होऊन परत येतं, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा माणसं कुडकुडतात. हिवाळ्यात तर विचारू नका. पण ऊब वाढवली की बीपी खाली येतं, आणि खाली आलेलं बीपी वर आणताना माझी जी पळापळ होते ती मला पसंत नाही. त्यामुळे ब्लँकेट हवी तेवढी देईन, तापमान नाही.

या खोलीत मी किती वर्षं आहे ते विचारू नका. खुर्च्यांचे रंग बदलले, डॉक्टर बदलले, मी आहे तिथेच आहे. कुणाची शीर सापडत नसली की दुसऱ्या पाळीच्या मुली मला हाक मारतात. मी हात लावला की लपलेली शीर मुकाट्यानं वर येते. यात गर्व वगैरे काही नाही, आहे ते सांगते.

माझं दुसरं कसब म्हणजे बडबड. नव्या मुलींना वाटतं, बाई वेळ घालवायला बोलतात. तसं नाही. बीपी घसरायच्या आधी माणूस गप्प होतो. भांडता भांडता मधेच ज्याचा आवाज बसला, त्याच्याकडे मी मशीन ओरडायच्या आधी पोचलेली असते. म्हणून माझ्या कोपऱ्यात कुणाला गप्प बसायची मुभा नाही. हवामान बोला, जगाचं राजकारण बोला, पण बोला.

आणि त्यासाठी रोज एक दिवस असतो.

म्हणजे असं, की जगात प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी कसला तरी दिवस साजरा करत असतं. खारूताईचं कौतुक करण्याचा दिवस. हरवलेल्या मोज्यांचा दिवस. सकाळी चहा उकळेपर्यंत मी मोबाइलमध्ये बघून ठेवते. एखाद्या तारखेला काही धड सापडलं नाही, तर मीच बनवते. माझी लेक म्हणते, "आई, हा तू पदरचा घातलास ना?" मी म्हणते, "जग एवढं मोठं आहे, कुणीतरी पाळत असेलच."

सगळ्यांच्या सुया लागल्या की मी खोलीच्या मधोमध उभी राहून जाहीर करते. मग त्यावर चार तास निघतात. उलटं बोलण्याच्या दिवशी शिंपीकाका सकाळपासून म्हणत होते, "काय उकडतंय हो सिस्टर, गार करा जरा मशीन!" त्या दिवशी समोरच्या खुर्चीतल्या कॅशियरबाईसुद्धा हसल्या होत्या, ज्या एरवी डोळे मिटून पडलेल्या असतात.

नियम एकच. पुढचा दिवस आधी सांगायचा नाही. बुधवारी कसला दिवस आहे, ते बुधवारी, इथे, खुर्चीत बसल्यावर कळेल. ज्याला ऐकायचं त्यानं यायचं. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहेत, पण माझ्या माहितीप्रमाणे आजवर कुणी आधी बघितलेलं नाही.

ड्रायव्हरकाकांची तक्रार निराळी होती.

"काय गं, खारीचा दिवस झाला, मोज्यांचा झाला. ड्रायव्हरांचा दिवस कधी?"

"आहे, येणार आहे."

"दोन हिवाळे हेच ऐकतोय."

"मग? तुमच्या बस काय वेळेवर यायच्या?"

आयुष्यभर त्यांनी बस चालवलेली. हातवारेही स्टिअरिंग धरल्यासारखे. शिंपीकाकांशी त्यांचं रोज भांडण व्हायचं ते एका युद्धावरून. दोन देश कधीपासून एकमेकांवर तोफा डागत होते, आणि तिसऱ्याच एका देशातल्या हॉटेलात लांब टेबलाशी बसून त्यांची बोलणी चालली होती. या दोघांचा त्या देशांशी काडीचा संबंध नव्हता, पण आवेश असा, की जणू टेबलाच्या दोन टोकांना हेच बसलेत.

"थांबणार," ड्रायव्हरकाका म्हणायचे. "दोघांचंही डिझेल संपत आलंय. टाकीच रिकामी झाली तर जाणार कुठे?"

"नाही थांबणार. एकदा उसवलं की उसवतच जातं. चाळीस वर्षं शिवतोय मी."

"तू पँटी शिव. देशाचं आम्ही बघतो."

"तुम्ही देश चालवला असता तर प्रत्येक थांब्यावर उशीर झाला असता!"

यात दोघांचंही बीपी छान राहायचं.

मग एका शुक्रवारी, सुया काढून झाल्यावर, ड्रायव्हरकाका उठायच्या ऐवजी तसेच बसून राहिले. मी त्यांच्या हातावर कापूस दाबून धरला होता.

"सोमवारपासून नाही येणार मी," ते म्हणाले. अगदी साधं म्हणाले.

मला माहीत होतं हे कधीतरी येणार. त्यांचं हृदय थकलं होतं. एक दिवस मशीनवर जायचा आणि दुसरा मशीनमधून सावरण्यात. डॉक्टरांनी त्यांना, काकूंना आणि मुलाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, की हे किती दिवस पेलवेल सांगता येत नाही, आणि थांबायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे. थांबलं की हातात थोडेच दिवस उरतात, हेही सांगितलं होतं.

"ही पहाटे उठते, पाणी तापवते, मला कपडे घालते," काका म्हणाले. "तिचेही हात गारठलेले असतात. बास झालं आता. फक्त एक कर. सोमवारी कुठला दिवस आहे तेवढा आज सांगून टाक. मोकळा होतो."

"नाही."

"अगं, शेवटचं मागतोय."

"नियम म्हणजे नियम. सोमवारी या, ऐका, आणि मग काय करायचं ते करा."

"हट्टी आहेस," म्हणाले, आणि माकडटोपी कानावर ओढून गेले.

शनिवार-रविवार मी घरात कशावरून तरी कुणावर तरी डाफरत होते. सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. सगळ्यांच्या सुया लागल्या तरी मी जाहीर करीना. शिंपीकाका एकदा दाराकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात दार ढकलून ड्रायव्हरकाका आत आले. मागे काकू, आणि काकांचा चेहरा असा, की कुणीतरी भर चढावर त्यांना ओव्हरटेक केलंय.

"दोन रात्री झोप नाही," ते ओरडले. "बोल. कुठला दिवस आहे?"

"आधी बसा. सुई लागू दे."

सुई लागली. मी खोलीच्या मधोमध गेले.

"आज," मी म्हणाले, "अंथरुणातून अजिबात न उठण्याचा दिवस आहे."

मग ड्रायव्हरकाका असे हसायला लागले की मशीननं दोनदा बोंब मारली. शिंपीकाका ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून हसत होते. काकू दारात उभ्या होत्या, त्या डोळे पुसत होत्या, कशामुळे ते मला नीट कळलं नाही.

त्यानंतर ते येत राहिले. दर वेळी निघताना विचारायचे, "पुढचा?" आणि मी मान हलवायचे. शपथेवर सांगते, मला त्या दिवसांत स्वतःचा फार अभिमान वाटत होता. डॉक्टरांना जमलं नाही, मुलाला जमलं नाही, ते मी एका खुळ्या नियमावर जमवलं होतं. नवीन मुलींना मी मुद्दाम ऐकू जाईल असं सांगायचे, "बघा, माणूस असा धरून ठेवायचा असतो."

पण हात सांगतात. त्यांची शीर आता माझ्या बोटांनाही लवकर सापडत नव्हती. निघताना मुलगा त्यांना जवळजवळ उचलून न्यायचा. "पुढचा?" हे तेवढं ठणठणीत विचारायचे.

त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी एका बुधवारी पडली. नळाला पाणी येत नव्हतं. येताना बसमध्ये रेडिओ लागला होता, तो सांगत होता, की हॉटेलातली बोलणी फिसकटली, मंडळी टेबलावरून उठून गेली, आणि पहाटेपासून पुन्हा तोफा सुरू झाल्यात. शिंपीकाकांनीही ते ऐकलं असावं. आल्या आल्या हात चोळत म्हणाले, "येऊ दे आज डिझेलवाल्याला. आज त्याला सोडत नाही."

ड्रायव्हरकाका आले नाहीत. काकू आल्या, एकट्याच. दाराशी उभ्या राहून आत येऊ की नको असं करत होत्या. मी पुढे गेले.

"हे नाही येणार, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आज उठवायला गेले तर म्हणाले, आज नको, आता कधीच नको. डॉक्टरांना मुलानं फोन केलाय. ते घरी येऊन औषध देणार आहेत, त्रास होऊ नये म्हणून." त्या थांबल्या. "तसे शांत आहेत. फक्त मला म्हणाले, जा आणि विचारून ये, आज कुठला दिवस आहे."

"एवढ्या थंडीत, काकू? फोन करायचा ना."

"मी म्हटलं तसं. तर म्हणाले, ती फोनवर सांगायची नाही. खुर्चीत बसल्याशिवाय सांगत नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं, की त्यांना म्हणावं स्वतः येऊन ऐका. आणि मला ठाऊक होतं, मी हे म्हटलं असतं तर ते आले असते. त्या थंडीत, त्या हृदयानं, मुलाच्या खांद्यावर टेकून, केवळ मी सांगत नाही म्हणून. इतके दिवस मी त्यांना धरून ठेवलं होतं, ते बरंच केलं. पण आता सोडायचंही मलाच होतं. दुसरं कुणी सोडू शकलं नसतं.

"बसा," मी म्हणाले, आणि काकूंना ड्रायव्हरकाकांच्या खुर्चीत बसवलं. काकूंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी ब्लँकेट आणून त्यांच्या मांडीवर घातलं, नीट चारी बाजूंनी खोचलं, जसं काकांचं खोचते तसं. मग खोलीच्या मधोमध गेले.

"आज ड्रायव्हरांचा दिवस आहे," मी जाहीर केलं.

आवाज मी पडू दिला नाही. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

"खरंच का हो? की तुम्ही आपलं त्यांच्यासाठी..."

"खरंच आहे," शिंपीकाका पलीकडून म्हणाले. आजवर ज्यांनी माझ्या एकूण एक दिवसावर शंका काढली होती, ते शिंपीकाका. "माझ्या मोबाइलवरही आलंय सकाळी. सगळ्या जगात आहे."

मग मी काकूंच्या जवळ बसले आणि शुक्रवारचा दिवस सांगितला. मग सोमवारचा. मग त्याच्या पुढचे, जेवढे मला पाठ होते तेवढे, आणि ते संपल्यावर तिथल्या तिथे सुचले तेवढे. काकू एकेक दिवस बोटाच्या पेरावर ठेवत होत्या आणि पुटपुटत होत्या. एका ठिकाणी चुकल्या, तेव्हा कॅशियरबाईंनी डोळे न उघडता दुरुस्त केलं.

"पुरे," काकू शेवटी म्हणाल्या. "एवढे पुरतील." त्यांनी ब्लँकेटची घडी घातली, माझ्या गालाला हात लावला आणि निघाल्या.

त्या दाराशी पोचल्या तेव्हा शिंपीकाकांनी हाक मारली.

"काकू, आणखी एक सांगा त्याला. म्हणावं, युद्ध थांबलं. आजच सकाळी सह्या झाल्या."

काकूंचा चेहरा उजळला. "हे म्हणतच होते थांबणार म्हणून!"

"हो," शिंपीकाका म्हणाले. "त्याचंच खरं झालं. मी हरलो म्हणावं."

दार लागलं. शिंपीकाकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि ते गप्प पडून राहिले. मशीनमधल्या रक्त फिरवणाऱ्या चाकाचा तेवढा आवाज येत होता.

गप्प माणूस मला चालत नाही. मी जाऊन त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि बीपी बघितलं. चांगलं होतं. मग त्यांच्या मशीनचं तापमान अर्ध्या अंशानं वाढवलं. त्यांनी आज मागितलं नव्हतं. स्टूल ओढून मी त्यांच्या आणि रिकाम्या खुर्चीच्या मधे बसले.

"थांबणारच आहे ते युद्ध," मी म्हणाले.

त्यांनी ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं.

"कशावरून?" शिंपीकाका खिडकीलाच विचारावं तसं म्हणाले.

"दोघांचंही डिझेल संपत आलंय."

शिंपीकाका हळूहळू माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते.

"डिझेल!" ते म्हणाले. "तुम्हाला काय कळतं हो डिझेलमधलं?"

आवाज घोगरा होता, पण चढत होता. मी स्टूल आणखी जवळ ओढलं.