पंतांचं मन कोण मोडणार?

माझ्या थोरल्या लेकीचं बारसं झालं ते १९३७ साल. त्याच साली मी विंझर गाव सोडून भोरातल्या भाताच्या गिरणीत लागलो. माझ्या बहिणीचा, साळूचा नवरा कोंडिबा तिथं आधीपासून इंजिनापाशी होता.

गिरणी एका कंपनीची, मॅनेजर रघुवीरपंत. माणूस वाईट नव्हता, तीच पंचाईत. दर सोमवारी सगळ्यांना गोळा करून गूळ वाटायचे आणि विचारायचे, "कसं काय, खूश आहात ना?"

"व्हय पंत, बरं हाय," सगळे एका सुरात. मग पंतांचा चेहरा फुलायचा. एकदा आमच्यातला रखमाजी म्हणाला, धुरानं डोळं जळत्यात. पंत रागावले नाहीत. नुसते हिरमुसले, दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून सगळे रखमाजीला 'पंतांना रडवणारा' म्हणून चिडवू लागले. पुढं कुणी तोंड उघडलं नाही.

दिवाळीनंतर इंजिनाचा चामडी पट्टा सांध्याला उसवू लागला. कोंडिबा त्याच्या शेजारीच उभा असायचा. तुटला तर पहिला तडाखा त्याला. हे सगळ्यांना दिसत होतं. मी पंतांना सांगितलं. त्यांनी सोमवारी गूळ वाटता वाटता विचारलं, "गेनू म्हणतो पट्टा धोक्याचा आहे. कोंडिबा, तुला भीती वाटते का रे?"

कोंडिबानं गूळ गिळला. "न्हाई पंत. बरं हाय."

"बघ गेनू! ज्याचं काम त्याची तक्रार नाही. तूच तेवढा नाखूश."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. बाहेर येताच दाजींना धरलं.

"दाजी, काल मलाच म्हनला व्हता ना, पट्टा शिवून घ्याया पायजे? जीभ काय गुळाला चिकटली?"

"अरं, एवढ्या मायेनं इचारलं त्यांनी. मन कसं मोडू?"

"आन् तुमचं डोस्कं फुटलं तर? साळूनं काय करायचं?"

"लई किरकिर करतोस बाबा. पुढच्या सोमवारी सांगतो."

"पुढच्या सोमवारी बी गूळ हायच!"

मी पुन्हा पंतांकडं गेलो. म्हणालो, माणसांना विचारू नका, पट्टा बघा.

पंत हिरमुसले. "माझी माणसं माझ्याशी खोटं बोलतात, असं म्हणायचंय तुला?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मला आवारात भात वाळवायला लावलं. शिक्षा नव्हे म्हणाले, उन्हात मन मोकळं होईल.

गुरुवारी पट्टा तुटला. माझा मेहुणा कोंडिबा १९३७ सालच्या मार्गशीर्षात, भर दुपारी, गिरणीतच वारला.