वहिनींचं सरकारी कॉलेज

कुरिअर कंपनीने पार्सलं निवडायला यंत्र आणलं आणि वहिनींना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. यंत्राला पगारवाढ लागत नव्हती आणि त्याचे गुडघेही दुखत नव्हते, तेव्हा कंपनीचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

"मी फ्रिज-एसीची दुरुस्ती शिकणार. सरकारी कॉलेजात," वहिनींनी जाहीर केलं.

नवरा म्हणाला, "तुला हवं ते कर." त्याचा अर्थ, जेवणाच्या वेळा सांभाळून कर. दिराला मात्र राहवेना. त्याचा स्वतःचा एकही धंदा टिकला नव्हता, म्हणून लोकांना मार्गदर्शन करायला त्याला वेळ मिळायचा.

"सरकारी? अहो वहिनी, तिथले पंखेसुद्धा मनात आलं तर फिरतात. चला, मी दाखवतो कॉलेज कसं असतं ते."

त्याने दाखवलेलं कॉलेज काचेचं होतं. आत कारंजं होतं, मऊ सोफे होते आणि कोट घातलेला एक समुपदेशक होता.

"मॅडम, आम्ही नुसतं शिक्षण देत नाही, भविष्य घडवतो."

"कार्यशाळा बघता येईल का?"

"सगळं डिजिटल आहे!" त्याने पडद्यावर एसी उघडून दाखवला. निळे बाण आत गेले, लाल बाण बाहेर आले. दीर भारावून गेला.

"आणि तुमचा हा एसी बिघडला तर?" वहिनींनी वर बोट दाखवलं.

समुपदेशकाच्या आधी स्वागतकक्षातली मुलगीच भाबडेपणाने बोलली, "सरकारी कॉलेजची पोरं येतात ना! चटकन करतात."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच सरकारी कॉलेजात गेल्या. फाटक कुरकुरलं, कारकून त्याहून जास्त कुरकुरला. कार्यशाळेत मात्र उघडे कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्या आणि बाहीला काळं लागलेल्या एक मास्तरीणबाई होत्या.

"पालकांनी बाहेर थांबावं."

"मी पालक नाही. शिकायला आलेय."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग केस घट्ट बांधा. गॅसच्या ज्योतीजवळ काम आहे."

पहिल्याच आठवड्यात वहिनींनी नळीला भोक पाडलं आणि बोट भाजून घेतलं. मुलाच्या वयाची पोरं "काकू, जपून हं" म्हणून खुदकन हसली. घरी दिराने मलम आणून दिलं, सोबत 'मी सांगितलं होतं' हे फुकट. त्या रात्री न्हाणीघरात नळ सोडून वहिनी मनसोक्त रडल्या आणि सकाळी पुन्हा कार्यशाळेत हजर झाल्या.

एके दिवशी त्यांनी जोडलेली नळी बाईंनी हवा भरून पाण्यात बुडवली. सगळे वाकून बघत होते. एकही बुडबुडा आला नाही.

"बरं आहे," बाई म्हणाल्या. पुष्पगुच्छ मिळाला तेव्हा भरला नव्हता तेवढा वहिनींचा ऊर आता भरून आला.

वर्ष संपता संपता इस्पितळाच्या औषधांच्या शीतगृहात त्यांना नोकरी लागली. दीर गावभर सांगत सुटला, "वहिनींना कॉलेज मीच दाखवलं." तसं ते खोटं नव्हतं. वहिनींनीही त्याचा पाणउतारा केला नाही. त्यांना ड्युटीवर जायचं होतं, आणि नवरा ओट्याशी उभा राहून विचारत होता, "अगं, डाळीत पाणी किती घालू?"