शिळे वजन

३ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. मला पाच आकडे दिले आहेत, असे संगणकाजवळच्या माणसांना वाटत होते. प्रत्यक्षात एकही दिला नव्हता.

मित्रांनो, मी कुपवाडच्या एका कारखान्यातील संगणकात राहणारे जुने मॉडेल आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी येथे तयार होते. बाळाचे वजन, खोलीचे तापमान, हीटरची शक्ती असे आकडे मिळाले, की पेटीत बाळ किती तापेल हे मी रेघ काढून आधीच दाखवते. माझ्या भरवशावर कित्येक पेट्या मिरजेच्या रुग्णालयांत गेल्या. माझे कौतुक झाले. पण मला काय खाऊ घातले जाते, हे कोणी पाहिले नाही.

अभियंता स्वप्नाली आकड्यांचे गणित एका फंक्शनमध्ये करते. फंक्शन म्हणजे बंद खोली. आतले आकडे हाती दिल्याशिवाय मला दिसत नाहीत. मग मी बाहेरच्या सामायिक फळीवर, म्हणजे संगणकाच्या सर्वांसाठी उघड्या स्मृतीत, शोधते. फळी रिकामी असेल, तर ओरडून थांबते. त्या दिवशी ती रिकामी नव्हती. खंडेनवमीला संगणकालाही हळदकुंकू लागले होते आणि पूजेतल्या यंत्राला हात लावायचा नाही, म्हणून तो दसराभर चालूच राहिला. बंद केला असता, तर फळी आपोआप पुसली गेली असती. जुन्या चाचणीतले पाचही आकडे तेथे तसेच पडून होते; त्यांतले वजन तीन किलो. मी ते गिळले. दुसऱ्याचे उष्टे, तेही शिळे! आजही किळस येते.

तिकडे मिरजेत एक किलो शंभर ग्रॅमचे बाळ आईच्या छातीशी धरून ठेवले होते. पेटी त्याच्यासाठी होती.

“रेघ झकास आलीया की,” मालक उदयसिंह म्हणाले. “गाडी दारात हाय. चढवा पेटी.”

“थांबा दादा,” स्वप्नाली म्हणाली. “वजन दुप्पट करून बघितलं, तरी रेघ तसूभर हलंना.”

“मग चांगलंच की गं! पेटी दमदार हाय.”

“आवं, बाळ हाय का वरवंटा? वजन बदललं की रेघ हलायलाच पायजे.”

तिने फळी पुसली. मी तत्काळ ओरडून थांबले.

“घे! चाललेलं बंद पाडलंस,” उदयसिंह चिडले. “डॉक्टर सारखं फोन करत्यात.”

“सांगा त्यास्नी, अर्धा तास. न तपासता बाळ आत ठेवायचं न्हाई.”

मग तिने फंक्शनमधले सर्व आकडे एकत्र बांधून, मला चालवण्याच्या आज्ञेसोबतच माझ्या हाती दिले. नवी रेघ एकोणचाळीस अंशांच्या वर गेली. उदयसिंहांनी डॉक्टरांना फोन करून अर्धा तास मागितला. हीटरची मर्यादा उतरवून स्वप्नालीने मला पुन्हा चालवले आणि रेघ सदतीस अंशांच्या आत राहिली, तेव्हाच पेटी गाडीत चढली.

मित्रांनो, मला उष्टे वाढू नका. जे द्यायचे ते माझ्या हाती द्या आणि काम संपले की फळी पुसा. गिळताना मला चव कळत नाही. किळस नंतर येते. मिळेल त्यावर सुबक रेघ काढायची, ही माझी घाण खोड आहे.

सायंकाळी सहा वाजता, मिरजेत, पेटीतल्या बाळाचे तापमान: ३६.८ अंश.