तिसरी काठी

भूमितीत काही सत्यं अशी आहेत की त्यांच्यापुढे साम्राज्यांनाही मान तुकवावी लागते. त्यांपैकी एक म्हणजे, तीन पायांची वस्तू कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही. नंदनवन वस्तीतल्या प्रेमानंद गजघाटेंची अडचण एवढीच होती की त्यांच्याकडे पाय दोन होते.

म्हणजे काठ्या दोन होत्या. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलानं, प्रशिकनं, गुडघ्यांसाठी म्हणून ट्रेकिंगच्या काठ्यांची जोडी पाठवली होती. दुर्बीण त्यांनी स्वतः घेतली, पत्नी सरिता गेली त्याच्या पुढच्या वर्षी. घरात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका डोळ्यानं पाहायची, साठपट जवळ आणणारी दुर्बीण. साठपटीत एक गोम असते. पक्षी साठपट जवळ येतो, तसा हाताचा कंपही साठपट येतो. गजघाटेंनी श्वास घेतला की उमरेड रोडवरचा अख्खा तलाव हलायचा.

त्या तलावावर हिवाळ्यात मंगोलियाकडून हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. पट्टकादंब म्हणतात त्यांना. यंदा त्यांतल्या एकाच्या गळ्यात लाल पट्टा होता आणि त्यावर नंबर. तो वाचून कळवला की तिकडचे संशोधक उत्तर पाठवतात, असं गजघाटेंनी कुठंतरी वाचलं होतं. पत्नीच्या मागं त्यांना आलेली उत्तरं बहुतेक बँकेची होती.

ट्रायपॉड नेणं शक्य नव्हतं. तलावाच्या बांधावरून बरंच चालावं लागे आणि डॉक्टरांनी ओझं बंद केलेलं. मग मोबाइलवर एक दाढीवाला गोरा सापडला. तो डोंगरावर उभा राहून सांगत होता की वजन वाढवूच नका, हातातल्या काठ्याच वर एकत्र बांधा, त्यांच्या बेचक्यात दुर्बीण ठेवा. काठ्या तीन लागतात. "तिसरी तुमच्या सोबत्याकडून घ्या," तो म्हणाला आणि चौकटीबाहेरून एका हातानं त्याला काठी दिली. हात कुणाचा ते शेवटपर्यंत दिसत नाही. गजघाटेंनी तेवढा भाग पुन्हा पुन्हा पाहिला.

दोन काठ्या आणि तिसरा पाय म्हणून स्वतःचं कपाळ, असा प्रयोग झाला. कपाळावर वळ आला, नंबर नाही.

शेजारी प्रयागबाई राहत. काटोलकडच्या, उभा जन्म वावरात गेलेला. धनी वारल्यावर मुलानं इथं आणलं. मुलगा-सून सकाळीच कामावर जात आणि त्या दिवसभर फाटकाशी बसून रस्त्यावर लक्ष ठेवत. हातात धन्याची बांबूची काठी.

"काठी पाहिजे होती," गजघाटे म्हणाले. "रविवारपुरती."

"काहून? कुत्रं मागं लागते का तुमच्या?"

"दुर्बिणीला तिसरा पाय लावायचा आहे."

"आन माहा तिसरा पाय गेला तं मी कशी उठू?" प्रयागबाईंनी विचार केला. "असं करा भाऊ. काठी जाईल तिथं मी जाईन."

रविवारी स्कूटरवर मागं प्रयागबाई, हातात भाल्यासारखी काठी. समोरच्या कुसुमताईंनी गच्चीवरूनच विचारलं, "काहून वं प्रयागबाई, स्वारी कुठं?"

"पाखरं पाहाले!"

"आतापर्यंत हाकललेच ना वं तुनं!"

बांधावर गजघाटेंनी सायकलच्या जुन्या ट्यूबनं तिन्ही काठ्या बांधल्या. बांबूची उंची कमीजास्त करता येत नव्हती, म्हणून दोन विलायती काठ्यांना त्याच्या बरोबरीला यावं लागलं. दुर्बीण ठेवली. तलाव थांबला.

"L," ते म्हणाले. "पुढचं गवतात आहे."

"गवत हलंन मंग," प्रयागबाई म्हणाल्या आणि दगडावर बसल्या. काठी दुर्बिणीखाली अडकल्यामुळे त्यांना उठता येईना, म्हणून दुपारपर्यंत दोघं बसले. प्रयागबाईंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला. निघताना त्यांना उठायला गजघाटेंचा हात लागला. त्या दिवशी एकच अक्षर मिळालं.

पुढच्या रविवारी हंस पाठमोरा बसला होता. गजघाटेंना याचं जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. शुक्रवारपासूनच ते ट्यूब शोधायला लागले होते, जी खुंटीवरच होती.

तिसऱ्या रविवारी L आणि 7 मिळाले. पुढचा आकडा दिसणार, तेवढ्यात प्रयागबाई म्हणाल्या, "मलेबी पाहू द्या ना जरा. कवाचे एकटेच पाहून राहिले."

त्यांनी डोळा लावला. थवा पाण्यातून निघून काठच्या शेतात चालला होता.

"अवो, हरबऱ्यात घुसून राहिले!" आणि साठ वर्षं पीक राखलेल्या छातीतून आवाज निघाला, "हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽ!"

पाणी फुटल्यासारखा थवा उठला आणि लाल पट्ट्यासकट क्षितिजापलीकडे गेला.

"प्रयागबाई," गजघाटे म्हणाले, "ते मंगोलियाहून आले होते."

"मंग तिथंच खाव ना. हरबरा काय मंगोलियाचा हाये?"

गजघाटे इतके हसले की त्यांना बांधाचा आधार घ्यावा लागला. काठ्या तिन्ही गुंतलेल्या होत्या.

रात्री प्रशिकचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बांबू, ट्यूब, हुर्र. प्रशिक आयटीत होता. त्यानं अडचण नीट ऐकून घेतली.

"बाबा, तुमचा सेटअपच चुकीचा आहे," तो म्हणाला. "मी बघतो."

शनिवारी गजघाटे कटिंगला गेले असताना कुरिअर आलं. दार बंद पाहून पोरानं पार्सल शेजारी दिलं. संध्याकाळी प्रयागबाई एका हातात काठी, दुसऱ्या हातात लांबट खोका घेऊन दारात उभ्या राहिल्या. खोक्यावर ठळक चित्र होतं.

"तुमचं हाये."

"प्रशिकनं पाठवलं असेल."

"तीन पाय हायेत त्याले."

"हो."

"लई हलकं हाये. मीच उचलून आणलं ना."

"कार्बनचं असतं ते."

"बरं झालं," प्रयागबाई म्हणाल्या. "उद्या मंग काठीचं काम नाही."

गजघाटेंनी नोकरीत तीन दशकं अर्जांचे मसुदे केले होते. प्रत्येकात कारण वरच्या ओळीत लागे. कारणाशिवाय कुणाला सोबत चला म्हणण्याचा मसुदा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"धन्यवाद," ते म्हणाले.

"धन्यवाद कायचा गा भाऊ," म्हणत त्या गेल्या. फाटकापर्यंत काठीचा आवाज आला.

रविवारी गजघाटे एकटेच गेले. हंस परत आले होते. नंबर पहिल्याच नजरेत पूर्ण वाचता आला, आणि गजघाटे सकाळच्या दुसऱ्या चहाला घरी होते.