धुरपताचा भाऊ टीममध्ये गेला

प्रेमदास जन्मला तेव्हा रडला नाही. सुईणीनं पाय धरून उलटा केला, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठं त्यानं श्वास घेतला. अल्लीपुरातले लोक म्हणत, पोराच्या अंगावरून वारं गेलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा लकवा सांगितला, आणि तो बरा होत नाही हेही सांगितलं.

बाप आधीच गेलेला. माय गेली तेव्हा प्रेमदास नऊ वर्षांचा होता आणि त्याची बहीण धुरपता एकोणीसची. तेव्हापासून त्याची आंघोळ, त्याची बटणं, त्याचा घास, सगळं तिच्याकडे आलं. त्याचं बोलणंसुद्धा. जीभ अशी अडखळायची की गावात कोणाला काही उमजत नसे. तो बोले आणि धुरपता सांगे, "तहान लागली म्हणते," नाहीतर "तुमच्या बैलाचं विचारते." तिला दोनदा मागणी आली. दोन्ही वेळा तिनं एकच विचारलं, "माहा भाऊ संगं राहीन, चालते का?" तिसऱ्यांदा कोणी आलं नाही.

व्यायामासाठी ती त्याला एसटीनं वर्ध्याच्या दवाखान्यात नेई. तिथं व्यायाम घेणाऱ्या सुलोचनाबाईंनी पाय सैल व्हावा म्हणून एकदा त्याच्यापुढं चेंडू ठेवला. उजवी टाच कधी जमिनीला टेकली नव्हती, उजवा हात छातीशी मुडपलेला; पण डाव्या पायानं त्यानं चेंडू असा हाणला की दवाखान्याच्या भिंतीवरून पलीकडे गेला. त्यानंतर तो व्यायामाला नाही म्हणेना.

प्रेमदासच्या चोविसाव्या वर्षी सुलोचनाबाईंनीच बातमी आणली. मेंदूचा लकवा असलेल्या खेळाडूंची देशाची फुटबॉल टीम बांधत होते. सातजणांचा खेळ, मैदान लहान, बाहेर गेलेला चेंडू एका हातानं लोळवून आत टाकला तरी चालतो. नागपूरला महिनाभर शिबिर होतं.

"मीबी येईन संगं," धुरपता म्हणाली.

"घरच्यांना तिथं राहता येत नाही."

"मंग त्याचं बोलणं कोणाले समजन?"

प्रेमदास हसला.

शिबिराच्या शेवटी एक सामना होता, तो पाहायला घरच्यांना बोलावलं होतं. धुरपता नागपूरला गेली आणि मैदानाच्या कडेला बसली. अर्धा खेळ झाला असेल, प्रेमदास धावता धावता तोंडावर आपटला. ती चपला तिथंच टाकून धावली. बाकी कोणीच उठलं नव्हतं. गुडघ्यावर आलेल्या प्रेमदासनं तिला पाहिलं आणि हात वर केला.

"बाई, तिथंच थांब!"

थोरल्या बहिणीला तो बाईच म्हणे. ती चुन्याच्या रेषेवर थांबली. तो आपला आपण उठला, पँट झटकली आणि लंगडत चेंडूमागं गेला.

सामना संपल्यावर ते सगळे गवतात बसले. एक मद्रासचा, एक कलकत्त्याचा, दोघे मुंबईचे. प्रत्येकाची जीभ आपापल्या तऱ्हेनं अडखळत होती, हिंदी मोडकी. तरी एकानं काही म्हटलं की बाकीचे खो खो हसत. प्रेमदासनं त्याच हिंदीत बराच वेळ काहीतरी सांगितलं, आणि मद्रासच्या पोरानं हसून त्याच्या पाठीत धपाटा घातला. धुरपताला त्यातलं काही कळलं नाही. काय म्हणालास, असं विचारावंसं वाटलं, पण तिनं विचारलं नाही. प्रेमदासची टीममध्ये निवड झाली होती; संध्याकाळच्या गाडीनं ती एकटीच परत आली.

टीम परदेशी जाऊन आली. नंतर प्रेमदास टीमचा निळा कोट घालून चार दिवस घरी राहिला.

"सगळेच सामने हारलो," तो आनंदानं सांगत होता. मग म्हणाला, "बाई, मुंबईले काम भेटलं मले. खोके भरायचं. मद्रासवाला अन् मी एका खोलीत राहू."

"मी येऊ का तिकडं? सैपाक करून देईन."

"नको. आता तू तुयं पाह्य."

"माह्यं काय पाहू?"

त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला, आणि मग धुरपताच म्हणाली, "बरं बाप्पा. जेव आता."

त्याला एसटीत बसवून ती घरी आली. शेजारची जिजाबाई दारात उभीच होती.

"एकटीसाठी काऊन चूल पेटवतेस? आज माह्याकडं जेव. काय करू सांग, तुले काय आवडते?"

धुरपता विचार करू लागली. प्रेमदासला चावता येत नसे म्हणून या घरात पंधरा वर्षं पातळ वरण आणि कुस्करलेल्या पोळीखेरीज दुसरं शिजलं नव्हतं. त्याआधी माय काय करायची, आपण काय मागून खायचो, तिला काही आठवेना.

"सांग ना वं," जिजाबाई म्हणाली.

"काहीबी कर," धुरपता म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसायला आत गेली.