बिनटाचणीचा कोपरा

खुर्चीकाकांच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि तशी ती नव्हतीही. चौकट होती, काच होती, कडी होती. फक्त ती उघडत नसे. पलीकडे बॅटऱ्यांचा कारखाना चालू होता तेव्हा त्याची करडी धूळ थेट भांड्यांवर येऊन बसायची. म्हणून आरोग्य खात्याच्या माणसांनी एक दिवस येऊन चौकटीत लांब लांब खिळे ठोकले आणि "धूळ थांबली की काढून टाका" असं सांगून गेले. पुढे कारखाना बंद पडला. मालक निघून गेला, छपराचे पत्रे चोरीला गेले, मग चोरांनाही तिथे काही उरलं नाही. धूळ तेवढी राहिली. जमिनीत मुरलेलं शिसं कोणी चोरून नेत नाही.

काकूंनी त्या खिडकीकडे तोंड करून अर्धा संसार केला. काचेपलीकडे कारखान्याची उंच भिंत, म्हणून भर दुपारी दिवा लावून भाजी चिरली. घराचं दार अरुंद गल्लीत उघडायचं आणि समोर दुसऱ्याच्या घराची भिंत, त्यामुळे आभाळ पाहायचं तर गल्लीत उभं राहून मान मोडावी लागे. घर विकायचा प्रयत्नही झाला होता. दलाल आला, कारखान्याकडे बघून त्याने नाकाला रुमाल लावला आणि चहासुद्धा न घेता गेला.

"मला महाल नको," काकू म्हणायच्या. "एक खिडकी उघडून द्या. एवढंच मागणं आहे माझं."

"मी काय नको म्हणतोय?" काका म्हणायचे. आणि खरंच, त्यांनी जन्मात कोणाला नको म्हटलं नव्हतं.

काकांचा धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. लग्न असो, शोकसभा असो, शाळेचं बक्षीस वाटप असो, काकांच्या घडीच्या खुर्च्या हजर. धंद्याचा त्यांचा एकच नियम होता: शेवटचा पाहुणा बसेपर्यंत खुर्चीवाल्याने बसायचं नाही. बहुधा शेवटचा पाहुणा बसला की कार्यक्रम संपत आलेला असे, त्यामुळे स्वतःच्या खुर्च्या कशा आहेत हे काकांना ऐकून माहीत होतं.

एक दिवस कारखान्याच्या फाटकावर फलक लागला. जागा साफ होणार, तिथे बाग आणि मैदान होणार, आणि हे सगळं रहिवाशांना विचारून होणार. विचारण्यासाठी एक तरुण मॅडम नेमल्या होत्या. त्यांचं कामच मुळी विचारणं हे होतं आणि त्या ते मन लावून करत. पहिल्या सभेला खुर्च्या अर्थातच काकांच्या. काका सगळ्यांच्या आधी आले, कारण खुर्च्या मांडायच्या होत्या. सगळ्यांच्या नंतर गेले, कारण खुर्च्या मोजायच्या होत्या. मॅडमना इतका निष्ठावान रहिवासी आजवर भेटला नव्हता. दुसऱ्या सभेत त्यांनी काकांना रहिवासी समितीचे अध्यक्ष करून टाकलं. काका नको म्हणाले नाहीत.

"अध्यक्ष?" काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला घरात कोणी विचारत नाही."

"तूसुद्धा?"

"मी तर मुळीच नाही. पण आता झालाच आहात, तर एक लक्षात ठेवा. खिडकी."

"अगं, जागा साफ झाली की खिडकी उघडणारच. त्यात लक्षात काय ठेवायचं?"

काकूंनी त्याच आठवड्यात पडद्याचं कापड आणलं. फिकट पिवळं. कडीला तेल घातलं. खिळे मात्र काढले नाहीत. धूळ थांबल्याशिवाय काढायचे नाहीत हे त्यांनी इतकी वर्षं पाळलं होतं, आणखी थोडे दिवस पाळायला त्यांची हरकत नव्हती.

तिसरी सभा ही खरी सभा. मॅडमनी मोठा नकाशा भिंतीला लावला आणि गोड आवाजात समजावून सांगितलं. विषारी माती गावाबाहेर नेता येत नाही, कारण गावाबाहेर दुसरं गाव आहे आणि त्यांनीही आपल्यासारखीच रहिवाशांची समिती केली आहे. तेव्हा सगळी माती खरवडून एका जागी रचायची, खाली-वर जाड प्लास्टिक, त्यावर चिकणमाती, त्यावर हिरवळ. छान टेकडी होईल. एकदा झाली की मात्र तिला कधीही हात लावायचा नाही. मध्ये मैदान, तेव्हा टेकडी कडेलाच हवी. कोणत्या कडेला, ते तुम्ही ठरवा.

"कसं ठरवायचं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"अगदी सोपं." मॅडमनी लाल डोक्याच्या टाचण्यांची डबी काढली. "प्रत्येक घराला एक टाचणी. तुम्हाला टेकडी जिथे नको असेल तिथे टोचा. जो कोपरा मोकळा राहील, तिथे कोणाचाच विरोध नाही असं आपण धरू. अध्यक्ष, वाटता का?"

काका डबी घेऊन रांगांतून फिरले. हे काम त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. पाठीमागच्या आजोबांना टाचणी हातात धरवेना, तर काकांनी त्यांना हाताला धरून नकाशापर्यंत नेलं. शिवणकाम करणाऱ्या वहिनी उशिरा आल्या, त्यांना दारात जाऊन टाचणी दिली. बेकरीवाल्याची टाचणी वाकली, ती बदलून दिली. लोक उठले, टोचून आले, बसले. काकांनी डबी उलटी करून पाहिली. रिकामी होती.

त्यांना त्याचं काही वाटलं नाही. लग्नात शेवटच्या पंगतीला पदार्थ संपतो, तेव्हा यजमान हसून 'माझं झालंय' म्हणतो, तसे ते हसले.

"वा!" मॅडम नकाशाकडे बघून टाळ्या वाजवायला लागल्या. "किती स्पष्ट कौल! सगळीकडे टाचण्या, एकच कोपरा मोकळा. अध्यक्षांनी निर्णय जाहीर करावा."

काका पुढे गेले. चष्मा लावला. "तर मंडळी, सर्वांच्या संमतीने टेकडी ही, या इथे, म्हणजे पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथे..." आणि मग त्यांचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली खाली गेला. "...जिथे आमची खिडकी आहे."

शेवटचे शब्द टाळ्यांत कोणाला ऐकू आले नाहीत.

घरी काकू पडद्याला कड शिवत होत्या. "काय झालं सभेत?"

"झाली. चांगली झाली."

"खिडकीचं?"

"खिडकीचं... म्हणजे हिरवळ दिसेल."

"हिरवळ?" काकूंचा चेहरा असा उजळला की काकांना जेवण गेलं नाही. रात्रभर ते छताकडे बघत पडले. सकाळी चहाच्या पहिल्या घोटालाच त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या घोटापर्यंत थांबण्याचं धैर्य नव्हतं.

काकूंनी ऐकून घेतलं. सुई कापडात खोचून ठेवली.

"सगळ्यांना वाटल्यात?"

"हो."

"दारात जाऊन दिल्यात?"

"वहिनींना. त्यांचे गुडघे दुखतात ना."

"आणि आपल्या घराची?"

"संपल्या."

"माझ्या शिवणाच्या डब्यात एवढ्या टाचण्या आहेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "की तुमच्या अख्ख्या समितीला बसताना टोचल्या असत्या." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

मग काका दारोदार फिरले. कोणीतरी आपली टाचणी मागे घेतली, तर टेकडी तिकडे सरकू शकत होती. माणसं सगळी प्रेमाची.

"काका, तुमच्यासाठी जीव देईन," बेकरीवाला म्हणाला आणि एक गरम पाव हातात ठेवला. "पण टाचणी? माझी भट्टी त्या बाजूला आहे हो. लोक म्हणतील, पावाला शिशाचा वास येतो."

"तुमच्या पावाला आत्ताच करपल्याचा येतो."

"बघा, त्यात आणखी भर कशाला?"

शिवणवाल्या वहिनी तर रडल्याच. "भावजी, तुम्ही दारात येऊन टाचणी दिलीत. हे मी जन्मभर विसरणार नाही. पण माझ्याकडेही एकच खिडकी आहे."

आजोबांना टाचणी कुठे टोचली तेच आठवेना. "तुम्हीच तर माझा हात धरून टोचलीत," ते म्हणाले. हे खरं होतं.

काका पाव घेऊन घरी आले. गल्लीत जो भेटेल तो हात जोडून म्हणे, "काय मोठं मन आहे तुमचं! सगळ्यांसाठी केलंत." रस्त्यावरून चालणंही अवघड झालं. शिव्या देणाऱ्यांतून वाट काढता येते, स्तुती करणाऱ्यांतून येत नाही.

शेवटी मॅडमकडे. त्यांनाही मनापासून वाईट वाटलं. "टाचणी कमी पडणं ही प्रक्रियेतली चूक आहे," त्या म्हणाल्या. "आपण पुन्हा सभा घेऊ."

या सभेला काकू स्वतः आल्या. काकांनी टाचणी दोन दिवस आधीच खिशात ठेवली होती. ती आहे का हे बघताना त्यांना दोनदा टोचली. पण गल्लीलाही अक्कल आली होती. टेकडी पुन्हा फिरणार म्हटल्यावर प्रत्येक जण घरूनच टाचण्या घेऊन आला. बेकरीवाल्याने बायको आणि मेहुणा आणला. वहिनींनी टाचण्यांनी भरलेली अख्खी उशी आणली. लोक माफीच्या नजरेने काकांकडे बघत आणि कचाकच टोचत. काकांची टाचणी त्यांच्या कोपऱ्यात लागेपर्यंत नकाशा गोवर आल्यासारखा झाला होता.

"आता एकही कोपरा मोकळा नाही," मॅडम खिन्न होऊन म्हणाल्या. "म्हणजे नवीन एकमत झालं नाही. नवीन होत नाही तोवर जुनं कायम."

काकू उठल्या. "मॅडम, तुमची टाचणी कुठे आहे?"

"माझी?" मॅडम चकित झाल्या. "मी इथे राहत नाही ना."

"हो का," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. 

"मी राजीनामा देतो," घरी जाताना काका म्हणाले.

"द्या ना. टेकडी काय तुमच्याबरोबर राजीनामा देणार आहे?"

काम सुरू झालं. कारखान्याच्या भिंती पडल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच स्वयंपाकघरात ऊन आलं. थेट ओट्यापर्यंत. काकूंनी दिवा मालवला आणि उन्हात हात धरून उभ्या राहिल्या. खिडकी उघडायची मात्र नव्हती. माती हलते आहे तोवर खिळे काढू नका, असं कामगारांनी बजावलं होतं. बाहेर ऊन होतं, आत काकू होत्या आणि मध्ये खिळे. काही आठवडे असे गेले. मग गाड्या त्या कोपऱ्यात माती ओतायला लागल्या. टेकडी आधी खिडकीच्या तळाला लागली, मग कडीला, मग ऊन ओट्यावरून खाली उतरलं, भिंतीशी गेलं आणि एक दिवस आलंच नाही. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. इथे कारखाना पोखरून डोंगर काढला होता. काकूंनी दिव्याचं बटण दाबलं.

धूळ थांबल्यावर मात्र त्यांनी पक्कड आणली आणि खिळे स्वतः उपटले. काका मदतीला पुढे झाले तर म्हणाल्या, "तुम्ही नका. तुम्ही एखादा खिळा शेजाऱ्यांना देऊन याल." खिडकी उघडली. समोर पाण्याची नाली, नालीपलीकडे हातभर पायवाट, आणि तिथून वर चढत गेलेली हिरवळ. वर पाहिलं तर टेकडी आणि छपराच्या कडेमध्ये उजेडाची एक पट्टी, शाळेच्या पाटीएवढी. काकूंनी तरीही पिवळा पडदा लावला. शिवलेला होता म्हणून.

बागेच्या उद्घाटनाला खुर्च्या काकांच्याच. टेकडीचा माथा सपाट होता, खुर्च्या तिथे मांडल्या. सगळी गल्ली आली होती. ज्यांनी टाचण्या आणल्या त्यांनी या वेळी पाहुणे आणले. खुर्च्या संपल्या, उरलेली माणसं खाली पायवाटेवर उभी राहिली. काकांना त्याचं नवल वाटलं नाही. ते सवयीने सगळ्यांच्या मागे, टेकडीच्या पायथ्याशी, त्या हातभर पायवाटेवर येऊन उभे राहिले. वरून मॅडमचा आवाज आला, "...आणि ज्यांच्या त्यागामुळे हे शक्य झालं ते आपले अध्यक्ष! अध्यक्ष, बसून घ्या!"

पायवाटेवर माणसं दाटली होती. काका हसून 'माझं झालंय' म्हणाले.

तेवढ्यात पाठीमागे पडदा सरकला आणि खिडकीतून, नालीवरून, स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेर आलं. काकूंच्या हाताने त्याचा पाय धरलेला होता.

"बसा," आतून आवाज आला. "जन्मात एकदा तरी बसा."

काका बसले. अंग हळूहळू सैल केलं. टाळ्या वाजल्या. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. स्टुलाला पाठ नव्हती, म्हणून ते जरा मागे, खिडकीच्या चौकटीला टेकले.

"अहो," काकू आतून म्हणाल्या.

"काय?"

"उजेड अडवताय."

काकांनी उजवीकडे पाहिलं, तिकडे बेकरीवाला आणि त्याचा मेहुणा. डावीकडे वहिनी आणि त्यांचे गुडघे. समोर टेकडी.

"सरकायला जागाच नाही गं."

 आतून दिव्याच्या बटणाचा आवाज आला, आणि त्यामागून सुरीचा, भाजीवर.